हिचा वेल, माझ्या हवाली

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण घरात जबाबदारी आली आहे.

ही सकाळी तिच्या मोठ्या बहिणीकडे गेली. थोडे दिवस. नक्की किती ते ठरलेलं नाही. दोन मोठ्या बॅगा नेल्या, पण बायकांचं पॅकिंग असंच असतं.

दारात चपला घालता घालता म्हणाली, खिडकीतल्या वेलाकडे बघा. माती सुकली तरच पाणी घाला, बाकी त्याला काही करू नका.

ही काय सूचना झाली? मी गाडी शिकवतो. ‘क्लच जरासा सोडा’ असं मोघम सांगून माझ्या धंद्यात चालेल का? गाडी भिंतीत जाईल.

वेल म्हणजे मनी प्लँट, पण साधा नव्हे. पानं अर्धी हिरवी, अर्धी पांढरी, कोणीतरी चुना शिंपडल्यासारखी. एकासारखं दुसरं नाही. पडद्याच्या दांडीशेजारच्या हुकाला कुंडी टांगलेली, तिथून फांद्या खाली. एक फांदी पुस्तकांच्या कपाटावरून फिरून माझ्या खुर्चीमागे उतरते. बसलो की मानेला लागते. हिने ऑफिसमधल्या कुणाकडून तरी औषधाच्या बाटलीत एक काडी आणली होती, त्याचं हे झालं. ते सगळं अंदाजपंचे. सिस्टिम असती तर काय झालं असतं!

संकल्प : ती परत येईल तेव्हा वेल जमिनीला टेकलेला असेल. तिने दार उघडावं आणि बघतच राहावं.

४ फेब्रुवारी

सकाळी माती वरून कोरडी. पाणी घातलं. संध्याकाळी कामावरून आलो तर पुन्हा वरून कोरडी! म्हणजे इतकी वर्षं वेल तहानलेला होता. हिच्या कधी लक्षात आलं नाही. पुन्हा घातलं, खालच्या बशीत उतरेपर्यंत.

फोटो काढून हिला पाठवला. उत्तर आलं : छान.

नुसतं छान. पण पूर्णविराम दिलाय. घाईत असती तर दिला नसता.

७ फेब्रुवारी

एक पान पिवळं. म्हातारं असणार. निसर्गनियम.

मातीला जरा वास येतोय. जंगलात येतो तसा. चांगली खूण आहे.

मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते, कॉम्प्युटरचं काम करते. म्हणाली, बाबा, पाणी कमी घाल, मुळं कुजतील. तिच्या फ्लॅटमध्ये एक झाड नाही, आणि मला शिकवते. मी विचारलं, आई कधी येणार काही बोलली का? म्हणाली, तू तिलाच विचार ना. म्हटलं, छे, मी कुणाला प्रेशर करत नाही.

यावर ती खोकली. हवा बदलली आहे.

१० फेब्रुवारी

आणखी पानं पिवळी. सगळी म्हातारी असतील असं नाही.

आज ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, सर, कम्प्लेंट आहे. तुम्ही शिकणाऱ्यांना स्टिअरिंग धरू देत नाही म्हणे. मी म्हटलं, धरू देतो, पण माझाही हात असतो. म्हणूनच आजवर माझ्या गाडीला ओरखडा नाही. ते म्हणाले, ओरखडा नाही, पण तुमच्याकडून कुणी पासही होत नाही.

परीक्षा घेणारे कडक आहेत, त्याला मी काय करणार?

माझ्याकडे सध्या बँकेतल्या एक बाई आहेत. रिटायरमेंटला आलेल्या, गाडी चालवायची हौस. रिव्हर्सला घाबरतात. मी सारखं बोलत राहतो, म्हणजे त्यांना धीर येईल. आज त्या म्हणाल्या, सर, तुम्ही गप्प बसलात की मला जमतं. नर्व्हस असलं की माणूस काहीही बोलतो.

१२ फेब्रुवारी

निदान झालं! ऊन. झाडाला ऊन लागतं हे शाळेतलं पोर सांगेल, आणि हा बिचारा वर्षानुवर्षं पडद्याआड. आज बाल्कनीत हलवला.

हलवताना लहानसा अपघात. कपाटावरची लांब फांदी पडद्याच्या कड्यांत अडकली होती. मी हळूच ओढली. म्हणजे हळूच म्हणावं तितकी हळू नाही. मधेच मोडली.

सेलोटेप लावली आहे. हाड मोडलं तरी प्लॅस्टरमध्ये जुळतंच की. वरून एक काडेपेटीची काडी आधाराला. काम इतकं सफाईदार झालंय की हिला सांगितल्याशिवाय कळणार नाही. सांगायची गरज नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पांढरा भाग करपला. फक्त पांढराच. विस्तवाजवळ धरलेल्या कागदासारखा कडेने तपकिरी, हात लावला की चुरा.

सकाळपासून व्हिडिओ बघतोय. एक दाढीवाला सांगतो की पानाच्या पांढऱ्या भागाला स्वतःचं अन्न करता येत नाही. सगळं काम हिरवा भाग करतो. म्हणजे पांढरा नुसता बसून खाणार, आणि उन्हात उभं केलं तर करपणार! असं झाड घरात ठेवायचंच कशाला? दुसरी एक बाई सांगते की सावलीत फार ठेवलं की पांढरं जातं आणि सगळं हिरवं होतं. दाढीवाला म्हणतो फार हलवू नका. बाई म्हणते आठवड्याला फिरवा.

संध्याकाळी हॉलमध्ये परत आणला. मग बेडरूममध्ये. मग वाटलं, तिथे हवा नाही. सध्या डायनिंग टेबलावर आहे. माझं ताट मी मांडीवर घेतो.

टेपच्या पुढची फांदी वाळली. टेपचा दर्जा.

१९ फेब्रुवारी

आता बाथरूममध्ये. सगळ्या व्हिडिओंचं एका गोष्टीवर एकमत आहे : दमटपणा. गीझर लावून दार बंद केलं की आत छान धुकं होतं. मी आणि वेल एकत्र आंघोळ करतो. माझा साबण त्याच्यावर उडू नये म्हणून त्याला शॉवर कॅप घातली होती. ती हिची. राहिली होती इथे. म्हणजे येणारच ना न्यायला.

समोरच्या काकू आल्या होत्या. हातात हिच्या नावाचं पार्सल. म्हणाल्या, कुरिअरवाला चुकून इकडे आला, तिने तर सगळं बहिणीच्या पत्त्यावर घ्यायला सांगितलंय ना? मी म्हटलं, हो हो, मीच सुचवलं तिला. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, जेवणाचं काय करता? म्हटलं, मस्त चाललंय. तेवढ्यात त्यांची नजर बाथरूममध्ये गेली. शॉवर कॅप घातलेल्या वेलाकडे. पार्सल ठेवून तशाच मागे फिरल्या.

पत्ता बदलण्यात गैर काही नाही. थोडे दिवस म्हटलं तरी पार्सल कुठेतरी यायला हवंच.

२२ फेब्रुवारी

खत घातलं. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाच्या दुप्पट. कंपन्या सगळ्यांना सरसकट प्रमाण देतात, इमर्जन्सी धरत नाहीत.

दुपारी हिला फोटो पाठवायची वेळ झाली. (दर शनिवारी पाठवायचा असं मी ठरवलंय. तिने मागितलेला नाही, पण आनंद होत असणार.) आत्ताचा फोटो काढून बघितला. कोनच नीट मिळेना. समोरून टक्कल दिसतं, बाजूने टेप. शेवटी मोबाईलमध्ये मागच्या वर्षीचा एक सुंदर फोटो सापडला, भरगच्च, लखलखीत. तो पाठवला. खाली लिहिलं : मजेत आहे.

उत्तर लगेच आलं. एवढ्या लगेच कधी येत नाही, म्हणून मला बरं वाटलं.

लिहिलं होतं : त्यात माझा हात दिसतोय.

मोठा करून बघितलं. खरंच आहे. डाव्या कोपऱ्यात, पान पुसणारा हिचा हात. बांगडीसकट. मी इतक्यांदा बघितला फोटो, हात दिसलाच नाही.

मी लिहिलं : आठवण म्हणून पाठवला. त्यावर काही आलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर हाताचा फोटो बघितला. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

२७ फेब्रुवारी

पानं गळताहेत. खताचा पांढरा थर मातीवर आलाय, मीठ सांडल्यासारखा. धुऊन काढायला भरपूर पाणी ओतलं. तेही खाली जाईना. वर तळं.

हिला फोन केला. साडूंनी उचलला. म्हणाले, ती बाहेर गेलीय. मी विचारलं, शिवणाच्या क्लासला का? (वर्षभर क्लासला जाते ही. अजून एक पिशवी शिवून झालेली नाही. मी तिला म्हटलंही होतं, शिक्षक बदल.) साडू म्हणाले, शिवण? हां, शिवण. मग म्हणाले, तुम्ही दोघं बोलून घ्या बुवा एकदा. मी म्हटलं, आम्ही बोलतोच की. साडू मुळात भावनाप्रधान माणूस.

१ मार्च, शनिवार

धाडस केलं. वेल कुंडीतून बाहेर काढला.

काढावा लागलाच नाही खरं तर. धरला आणि हातात आला. मुळं काळी, मऊ, शिळ्या शेवयांसारखी. दोन बोटांत धरली की साल निघून येते. वासाबद्दल लिहीत नाही. जंगलाचा नव्हता.

वर्तमानपत्र पसरून हॉलच्या फरशीवर बसलो. कात्रीने कुजलेलं कापत गेलो. कापता कापता त्याच्याशी बोललो. बोललं की झाडं वाढतात, हे दाढीवाला आणि बाई दोघांनाही मान्य आहे. काय बोलावं सुचेना, म्हणून त्या रविवारची गोष्ट सांगितली.

ही जायच्या आधीच्या रविवारी पाहुणे आले होते. ही त्यांना आमच्या जुन्या प्रवासातली एक गंमत सांगत होती, आम्ही घाटात रस्ता चुकलो ती. सांगत होती की उजवीकडे वळलो. मी म्हटलं, डावीकडे. मग म्हणाली, पाऊस होता. मी म्हटलं, पाऊस परतताना होता. मग म्हणाली, एका घरात दिवा दिसला. मी म्हटलं, हॉटेल होतं ते, घर नव्हे. मग ती बोलायचीच थांबली. वाक्याच्या मधोमध. पाहुणे वाट बघत होते. शेवटी गोष्ट मलाच पूर्ण करावी लागली. कुणी हसलं नाही.

याचा इथे काही संबंध नाही. सहज आठवलं.

नवीन माती, नवीन कुंडी. उरलंय ते एवढंसं : एक बोटभर दांडा, वर एक पान धड, एक अर्धं. पण आता मुळापासून नवी सुरुवात. उद्यापासून वाढ.

३ मार्च

वाढ नाही.

६ मार्च

कामावर बदल. बँकेतल्या बाईंनी दुसरा इन्स्ट्रक्टर मागून घेतला. मालकांनी मला गाडीवरून काढून वर्गात बसवलंय. रस्त्याच्या खुणा शिकवायच्या. भिंतीवर तक्ता, हातात काठी. एका अर्थी बढतीच. अनुभवी माणसाने थिअरी घ्यावी हे योग्यच आहे.

वर्गाच्या खिडकीतून आवार दिसतं. बँकेतल्या बाई रिव्हर्समध्ये गाडी लावत होत्या. शेजारचा नवा इन्स्ट्रक्टर खिडकीबाहेर बघत शेंगदाणे खात बसला होता. गाडी बरोबर दोन रेघांच्या मधे आली. बाईंनी स्वतःशीच टाळी वाजवली.

नशीब लागतं.

८ मार्च

अर्धं पान गेलं.

एक गोष्ट करून आलो. इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही. सजावटीच्या दुकानातून प्लास्टिकचा वेल आणला. हिरवा-पांढरा. लांबलचक. दांड्याच्या भोवती मातीत खोचला आणि कुंडी जुन्या हुकाला टांगली. एक फांदी कपाटावरून फिरवून खुर्चीमागे सोडली. जमिनीला टेकतेय!

हे फसवणं नव्हे. खऱ्याला सोबत असली की उभारी येते.

संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल. मागे वेल बघून ओरडलीच. बाबा! किती सुंदर झालाय! मला वाटलं होतं तू मारून टाकशील! इतकी खूश झाली की तिचा गैरसमज दूर करवेना. कुणाची चूक दुरुस्त न करता गप्प बसलो. विचित्र वाटलं.

११ मार्च

प्लास्टिकच्या पानांवर धूळ बसते. रोज पुसतो. एक-दोनदा पाणीही मारलं.

१३ मार्च

हिचा मेसेज! रविवारी सकाळी येते. उन्हाळ्याचे कपडे न्यायचे आहेत.

कपडे हे निमित्त. कपडे काय, साडूंबरोबर मागवता आले असते. स्वतः येतेय यातच सगळं आलं.

संकल्प : घर झाडायचं. तिची उशी उन्हात टाकायची. रविवारी मी कमी बोलायचं.

१६ मार्च, रविवार, दुपार

क्रमाने लिहितो.

सकाळी गॅलरीत उभा होतो, रिक्षाची वाट बघत. रिक्षा आली नाही. बहिणीची लाल गाडी आली. मला वाटलं साडूंनी सोडलं. गाडी काकूंच्या स्कूटरच्या आणि खांबाच्या मधल्या फटीत उलटी शिरली, एका दमात, आणि बंद झाली. इंडिकेटर दिला होता. ड्रायव्हरच्या दारातून ही उतरली. दुसरं कुणीच उतरलं नाही.

शिवणाचा क्लास नव्हताच तो. वर्षभर दुसऱ्या स्कूलमध्ये जात होती. मी विचारलं, माझ्याकडे का नाही? म्हणाली, तुमच्याकडे शिकले होते की, लग्नानंतर. तेव्हा मला जमत नाही असं ठरलं ना आपलं.

खरंय. तेव्हा मीच ठरवलं होतं. वाद झाला नव्हता, एवढं आठवतं.

ती बारीक झाली नाही की जाड झाली नाही. चष्मा नवा आहे. चांगला दिसतो. हे मी सांगितलं नाही, कमी बोलायचं ठरलं होतं म्हणून.

हॉलमध्ये आली आणि वेल बघून जागच्या जागी थांबली. तोंडावर आनंद मावत नव्हता. जवळ गेली. कपाटावरची फांदी हातात घेतली. अंगठ्याने पान चोळलं. मग दुसरं. मग फांदी हळूच ओढली, आणि ती अख्खी, मातीतून, तिच्या हातात आली.

ती टेबलावर ठेवली. दुसरी ओढली. तीही ठेवली. सगळ्या काढून झाल्यावर कुंडी हुकावरून उतरवली आणि आत बघितलं.

मला वाटलं हसेल. किंवा ओरडेल. मी ड्रेनेजबद्दल सांगायला लागलो, कुंडीला भोकं कमी होती मुळात. ती म्हणाली, अहो, पुरे.

मग खिडकीकडे वळली. म्हणाली, मी नेणार होते याला. त्याच दिवशी. बॅगेच्या शेजारी काढूनही ठेवला होता. मग वाटलं, तुम्ही एकटे राहणार. घरात काहीतरी जिवंत असू दे तुमच्या सोबतीला. म्हणून परत टांगला.

मी म्हटलं, एकटा कसा, थोडेच दिवस तर. तिने माझ्याकडे बघितलं. बँकेतल्या बाई बघायच्या तसं.

चहा मी केला. बसली, प्यायली. नवे बूट घातलेलं मूल सांगतं तशी सांगायला लागली. पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन निघाले, म्हणाली, पुलावर पोचले आणि मागून एवढा मोठा ट्रक, सारखा हॉर्न वाजवतोय, पण मी—

मी फक्त एवढंच म्हटलं की पूल नव्हे, फ्लायओव्हर. पूल नदीवर असतो.

ती थांबली.

मी म्हटलं, बोल ना. पुढे काय झालं? खरंच ऐकायचं होतं मला. ती म्हणाली, काही नाही, पोचले. कप सिंकमध्ये ठेवला. कपडे भरले. उन्हाळ्याचे भरले, स्वेटर पण भरले.

जाताना ओलं फडकं मागितलं. दांडा मातीतून उपटला, काळं टोक कात्रीने तिरकं कापलं, राहिलेलं एक पान आणि त्याखालचं एक पेर फडक्यात गुंडाळलं, तान्ह्या मुलाला गुंडाळावं तसं. मी विचारलं, जगेल? म्हणाली, बघू. तिकडे निदान कुणी छळणार नाही त्याला.

पुढच्या सीटवर ठेवून त्याला बेल्ट लावला. मी गाडीशी उभा होतो. काच खाली करून म्हणाली, जेवत जा वेळेवर. मग आरसा बघितला आणि निघाली. कोपऱ्यावर वळताना स्पीड अगदी बरोबर होता. तसं ओरडून सांगितलं. काच वर होती.

१७ मार्च, सोमवार

मुलीचा फोन. आईशी बोलणं झालं म्हणाली. मग म्हणाली, बाबा, आई परत येणार नाहीये, हे तुला कळलंय ना?

म्हटलं, हो.

म्हणाली, नक्की?

म्हटलं, हो गं. कळलं.

तिने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. शेवटी तिला मीटिंग होती.

त्यानंतर सवयीने ग्लास भरून खिडकीपाशी गेलो. हुक मोकळा. मग ते पाणी मीच प्यायलो.